गुरुवारची रात

आमच्या अर्पिताला वाढदिवस दोन. शाळेच्या दाखल्यावर मंगळवारची तारीख, पत्रिकेत सोमवार. मैत्रिणी तिला म्हणायच्या, "तुझं बरंय गं, दोनदा केक काप आन् दोनदा म्हातारी हो."

ती जन्मली तेव्हा गंगेला पूर होता. गोदावरीला आमच्या थडीच्या गावात गंगाच म्हणतात. सोनपेठचा रस्ता पाण्याखाली गेला होता. दवाखाना पाण्यापलीकडं, आणि मी अलीकडं, मधल्या खोलीत, जात्याचा खुंटा धरून ओरडत होते. माझं बाळंतपण माझ्या सासूनं केलं. बायनाबाई तिचं नाव. गावाची सुईण. मी तिला आत्याबाई म्हणायचे.

पहाटे चारला पोरगी झाली. पूर ओसरल्यावर ग्रामसेवक नोंद करायला आला, तर आत्याबाई त्याच्याशी उंबऱ्यातच भांडली.

"सोमवार लिहा."

"बाई, पहाटे चारला मंगळवार लागला की. रात्री बारा वाजता वार बदलतो."

"तुमच्या घड्याळात बदलत असंल. सूर्व्यानं डोळा उघडला न्हवता अजून. मंगळवार आलाच कुठून?"

त्यानं मंगळवारच लिहिला. पण सोनपेठच्या आदिनाथ गुरुजींनी पत्रिका केली तेव्हा बायनाबाई म्हणते तो वार धरला. पंचांगाचा दिवस सूर्य उगवला की सुरू होतो, आणि दुसरा सूर्य उगवेपर्यंत चालतो. आत्याबाईला अक्षर येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं. पण दोनशेवर लेकरं तिच्या हातावर आलेली. कुणाची घटका तिनं आभाळातल्या तिकांड्यावरून सांगितली, कुणाची शुक्राच्या चांदणीवरून, आणि अलीकडच्या लेकरांची मोटारीला थ्री फेज लाईट कधी आली त्यावरून. गुरुजी म्हणायचे, बायनाची घटका पक्की.

मला शेकताना, पोरीला तेल लावताना ती म्हणायची,

*रात हाय लेक, मावळल्या दिसाची,*
*सूर्व्या येतो न्यायाला, तवा व्हती सासरची.*

म्हणजे रात्र ही मागच्या दिवसाची लेक. सूर्य येऊन घेऊन जाईपर्यंत ती माहेरीच. मी बाजेवर पडून ऐकायचे. वीस वर्षं ऐकलं. दळताना, निवडताना, अर्पिताच्या दोन वाढदिवसांवरून घरात हसताना. ऐकलं, आणि कळलं असं वाटत राहिलं.

*

फाल्गुन सरत आला तशी आत्याबाईनं अन्न सोडलं. ज्वारी काढून झाली होती, रानं मोकळी पडली होती. ऊन असं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसेना. तिची बाज मधल्या खोलीत, जात्याजवळ टाकलेली. तिनंच सांगितलं होतं तसं.

"राजेश्री, मला हितंच ऱ्हाऊ दे. लोकायची लेकरं मी घरात आणली. मला घरातून जाऊ दे. दुसरं काय मागत न्हाई."

"जा की. कोण हाकलायलंय तुमाला?"

"तसं न्हाई." मग तिनं हात वर करून उंबऱ्याकडं दाखवलं आणि ओठातल्या ओठात म्हणाली,

*माप लवंडून आले, उंबऱ्याशी बोली केली,*
*चौघांच्या खांद्यावर जाईन, तवाच म्हणा गेली.*

मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "शब्द दिला."

हा शब्द मी दिला होता. बन्सीधरनं, माझ्या नवऱ्यानं, दिला नव्हता. दिरानंही नाही. मी दिला होता.

अर्पिताचं लग्न ठरलेलं होतं. वैशाखात, एक महिना आणि चार दिवसांवर. मुहूर्त गुरुजींनीच काढलेला, घरापुढंच मांडव. म्हातारी आधी गेली तर तेराव्यानंतर लग्न होणार, असं दोन्हीकडून बोलूनही झालेलं. मरणाची भीती आम्हाला नव्हती. मरणाच्या वेळेची होती.

बुधवारी सकाळी सुकेशनी येऊन गेली. ती गावची आशाताई. नाळ कशी बांधायची ते तिला आत्याबाईनंच शिकवलेलं. तिनं नाडी धरली, पाय दाबून पाहिले, आणि मला ओट्यावर आणून म्हणाली, "दोन दिवस. लय झालं तर तीन."

आतून दीर म्हणाले, "तीन म्हंजे शनिवारपस्तोर? पंचक तर न्हाई नं त्यात?" सूर्यभान भाऊजी परभणीहून कालच आलेले. त्यांचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जायचा.

सुकेशनी हसली. "तुमच्यात मरायलाबी मुहूर्त लागतो का, भाऊ? आमच्यात बरंय. माणूस गेलं की वंदना घेतो, माती देतो. कोणत्या नक्षत्रात गेलं ते कुणी पुसत न्हाई."

बाजेवरून आवाज आला, बारीक, पण धारेचा. "सुकेशनी, तुला नाळ बांधायला मी शिकवली. लय बोलू नको."

"बरं, माय. न्हाई बोलत."

सगळे हसले. त्या घरातलं ते शेवटचं हसू.

*

पंचक म्हणजे चंद्र धनिष्ठेच्या अर्ध्यातून रेवतीपर्यंत जातो ते पाच दिवस. त्यात माणूस गेलं तर मागं पाच जण नेतं म्हणतात. म्हणून मढ्याबरोबर कणकेचे पाच पुतळे जाळतात. तेवढ्यानं माणसांचं भागतं, घराचं नाही. आमच्याकडची रीत अशी की पंचकात घरात जीव गेला तर ते घर सहा महिने बंद. चूल नाही, दिवा नाही. वरच्या आळीतल्या गोपाळरावांचं घर असंच बंद होतं. उघडलं तेव्हा कणगीतल्या गव्हाचं पीठ झालेलं, आणि देव्हाऱ्यात उंदरानं पिल्लं घातलेली.

घराला कुलूप म्हणजे घरापुढं मांडव नाही. मुलाकडच्यांनी एकदा बोलूनही दाखवलं होतं, "लग्न पुढं गेलं तर आमी थांबू, पण पोरगं थांबंल का?"

बन्सीधरनं आदिनाथ गुरुजींना फोन लावला. लागेना. त्यांची सून म्हणाली, ते चारठाण्याला देवळात अभिषेकाला गेलेत, उद्या दुपारी येतील.

"उद्या दुपारी येऊन काय उपेग?" भाऊजी म्हणाले. "घरात पंचांग हाय नं? वहिनी धाव्वी पास हायेत की."

खुंटीवरचं पंचांग मी काढलं. पाडव्याला नवं येणार होतं, जुन्याची शेवटची पानं उरलेली. कडांना हळद आणि तेल लागून ती पारदर्शक झाली होती. बुधवारची ओळ पाहिली. काही नव्हतं. गुरुवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं.

"गुरुवार. पंचक प्रारंभ, उत्तररात्री चार वाजून धा मिनिटं."

"उत्तररात्री म्हंजे?"

"पहाटं. चार वाजून धा."

"गुरुवारी पहाटं." भाऊजींनी बोटं मोजली. "आज बुधवार. म्हंजे आजच्याच रातीला. बारा वाजले की गुरुवार, आन् चार वाजता पंचक."

"हो," मी म्हटलं.

मी हो म्हटलं. आणखी काही नाही. ते पान मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

बन्सीधर किती तरी वेळ दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा होता. मग म्हणाला, "आखाड्यावर न्यावं लागंल."

आखाडा म्हणजे रानातली आमची खोपी. तीन बाजूंनी पत्रे, वर पत्रा, आत मोटारीचा स्टार्टर, खताची रिकामी पोती. जीव तिथं गेला तर पंचक तिथंच राहील, घराला शिवणार नाही. हे काही आम्ही शोधून काढलेलं नव्हतं, असं करतात. ज्यांना रान आहे ते रानात नेतात, ज्यांना नाही ते मारुतीच्या पारावर.

सुकेशनीला कळलं तशी ती पुन्हा आली. "वहिनी, हलवू नका. सकाळचं सोडा, दुपारी त्या पत्र्याखाली धडधाकट माणूस टिकत न्हाई. भाजून मरंल म्हातारी."

"मरायलीच हाय नं पण," भाऊजी म्हणाले.

सुकेशनी माझ्याकडं बघत राहिली. मी खाली पाहिलं. पायाजवळ पंचांग उघडंच पडलं होतं.

*

दिवस कलला तेव्हा बन्सीधर बाजेशी बसला.

"माय, आखाड्यावर जायचं. मोकळी हवा हाय तिथं."

"कामून?"

मीच म्हणाले, "आत्याबाई, पहाटं पंचक लागायलंय. पोरीचं लग्न हाय."

तिनं डोळे उघडले. बराच वेळ छताकडं पाहून काही तरी जुळवत होती. "आज वार कोणता?"

"बुधवार."

"पंचक कवा म्हणलीस?"

"गुरुवारी. उत्तररात्री."

"मंग लय येळ हाय," ती म्हणाली. "आज कामून न्यायलात? उद्याचा दीस हाय की मला."

"न्हाई माय," बन्सीधर तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाला, "येळ न्हाई."

"हाय रे. रात लेक हाय..." ती गुणगुणायला लागली. मावळल्या दिसाची, सूर्व्या येतो न्यायाला.

"भ्रमात गेली," भाऊजी म्हणाले. "उचला."

बन्सीधर, भाऊजी, शेजारचा हरिओम आणि त्याचा भाऊ. चौघांनी बाजेचे चार पाय धरले. अर्पिता आजीच्या पायावर डोकं ठेवून रडत होती, "माझ्यामुळं, माझ्यामुळं," म्हणत. मी तिला धरून बाजूला केलं. बाज उंबऱ्याशी आली तशी आत्याबाईनं मान वळवून एकेकाकडं पाहिलं. एक, दोन, तीन, चार. ओठ हलत होते.

"चौघं हायेत," ती म्हणाली. "बरं. मंग गेले म्हणा."

हरिओमनं पकड बदलली. बाज जराशी कलली, चौकटीला घासली, आणि बाहेर पडली.

दिलेला शब्द मी असा पाळला.

*

गुरुवार उजाडला तेव्हा ती होती. आम्ही रात्रभर आखाड्यावरच होतो. चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा भाऊजींनी मोबाईलमध्ये बघून हुश्श केलं होतं, "वाचलं घर."

सकाळ बरी गेली. बोरीच्या झाडावर होले घुमत होते. अकरानंतर पत्रा तापला. मी लुगडं भिजवून आडवं बांधलं, ते अर्ध्या घटकेत खडखडीत वाळायचं. पुन्हा भिजवायचे. पाटाच्या पाण्यात फडकं बुडवून तिच्या ओठांना लावत होते. बन्सीधरनं बाज बोरीखाली काढून पाहिली, पण त्या दिवसांत बोरीला सावली ती किती. पुन्हा आत आणली.

सुकेशनी ऊन तुडवत आली. मीठ-साखरेचं पाणी आणलं होतं. चमच्यानं दोन थेंब दिले, ते कडेनं ओघळले. डोक्यावर घेतलेला टॉवेल भिजवून तिनं आत्याबाईच्या पायांवर पसरला, आणि उघड्या डोक्यानं परत गेली.

एकच्या सुमाराला आत्याबाई बोलली. "राजेश्री."

"हां."

"सूर्व्या कुठं हाय?"

"डोक्यावर."

"गुरुवार नं?"

"हो, गुरुवार."

"घरी चल मंग." तिनं माझं मनगट धरलं. लेकरू बाहेर काढताना धरायची तशी, तीच पकड. "रात लांब हाय अजून. मला घरात होऊन जाऊ दे. लवकर होईन मी."

भर दुपारी ती रात्रीचं बोलत होती. मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं.

"नेते हं," मी म्हटलं. "संध्याकाळी नेते."

"संध्याकाळी," ती म्हणाली. विश्वास ठेवल्यासारखी. मग मनगटावरची पकड हळूहळू सैल झाली. गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान बन्सीधरनं तोंडात घातलं. ते तसंच राहिलं.

*

घरी येऊन मी कणीक मळली. पाच पुतळे करायचे होते. वीतभराचे, डोकं, हात, पाय. हात थांबले की पुतळ्याची मान वाकायची. पहिला केला, दुसरा केला. तिसऱ्याला मला कळलं की मी त्यांना तिच्यासारखं धरतेय. डोक्याखाली दोन बोटं, पाठीला तळवा. ती नवं लेकरू असंच धरायची. पाचही ताटात निजवले, वर ओलं फडकं टाकलं आणि ताट आखाड्यावर नेलं.

गुरुजी चार वाजता आखाड्यावर आले. मोटारसायकलवरून उतरले, चपला लांब काढल्या. बायनाबाईच्या पायांकडं पाहून हात जोडले. त्यांच्या दोन्ही लेकींच्या घटका तिनंच सांगितलेल्या. मग त्यांची नजर ताटावर गेली.

"हे काय?"

"पुतळे," भाऊजी म्हणाले. "पंचक हाय नं."

"कोण म्हणलं?"

मी पदराआडून म्हणाले, "पंचांगात हाय, गुरुजी. गुरुवार, उत्तररात्री चार-धा."

"बरोबर हाय. आज गुरुवार. आजची उत्तररात्र अजून यायचीय." त्यांनी आभाळाकडं हात केला. "तुमी कालची धरली व्हय? ती बुधवारची, पोरी. सूर्य उगवेपर्यंत बुधवारच असतो. पंचक उद्या उजाडायच्या अदुगर लागंल. बाई तर शुद्ध गेली. चांगल्या नक्षत्रावर गेली."

बोरीवरचे होले घुमत होते.

"म्हंजे घरात," बन्सीधर म्हणाला. "घरात गेली असती तर?"

"काहीच न्हवतं." गुरुजींनी इकडं तिकडं पाहिलं. पत्र्याकडं, स्टार्टरच्या पेटीकडं, वाळलेल्या लुगड्याकडं. तेव्हा त्यांना उमगलं असावं. आवाज उतरला. "तिला कुणी इचारलं न्हाई का? बायनाला तर ठावं व्हतं. माझ्या बापाला तिनं सांगितलंय हे."

भाऊजी खाली बसले. मोठ्या आवाजाचा तो माणूस, मातीत बोट घालून रेघा ओढत बसला. बन्सीधरनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी पाया पडले असते.

"तू वाचलं व्हतंस," तो म्हणाला. तेवढंच.

"गुरुजी," मी म्हणाले, "अजून दीस हाय. आता नेऊ का घरात? घटकाभर. जात्यापाशी ठेवते आन् मंग..."

त्यांनी मान हलवली. "मढं उंबऱ्याच्या आत नेत न्हाईत, राजेश्री. आता हितूनच गंगेवर."

"मंग दिवा तरी. दहा दिवसांचा दिवा घरात लावते."

"जिथं जीव गेला तिथंच दिवा. हितंच."

पुन्हा चौघांनी उचललं. या वेळी खांद्यावर. ताटातले पुतळे तसेच राहिले. पंचक नसताना ते जाळायचे नाहीत, म्हणाले. मी ते उचलून पाटाच्या पाण्यात सोडले. कणीक लवकर विरघळली नाही. पाचही जण उताणे, उसाच्या सरीपर्यंत वाहत गेले.

*

रात्री घरातल्यांना झोपवून मी पहाटे आखाड्यावर गेले. दिव्यात तेल घालायचं होतं. खाली पसरलेल्या पिठावर झाकलेली पाटी काढून पाहतात, गेलेल्याचं पाऊल दिसतं म्हणतात. मी पाटी उचलली. पिठात मुंग्यांची एक ओळ होती, एका कडेनं आलेली, दुसऱ्या कडेनं गेलेली.

चार वाजून दहा झाले असतील. पंचक लागलं असेल. कुणी हुश्श करायला नव्हतं.

मी दिव्याशी बसून राहिले. सुकेशनीचा टॉवेल बाजेवर तसाच होता, धुऊन द्यायचा होता. आभाळ काळं होतं, मग राखाडी झालं, मग गंगेच्या बाजूला जरा तांबूस. अजून गुरुवारच होता. तिचा गुरुवार. तिच्या हिशेबानं अख्खा दीस आणि अख्खी रात तिला मिळाली होती. त्यातलं घर आम्ही काढून घेतलं. मी तिची ओवी म्हणून पाहिली. पहिली ओळ आली. दुसरी येईना. मी दुसऱ्या ओळीवर थांबून राहिले आणि सूर्य वर आला.

घराकडं आले. कुलूप नव्हतं. दार सताड उघडं, लाईट चालू, चूल पेटलेली. मांडवासाठी खुणा केलेले चार खड्डे अंगणात तसेच. चौकटीला एका बाजूला बाज घासल्याची ताजी पांढरी रेघ. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले. पाय उचलला, आणि खाली ठेवला.

अर्पिता केरसुणी घेऊन आतून आली. डोळे सुजलेले.

"आई, बाहीर कामून उभी? आत ये की."

"येते," मी म्हणाले.

"कवाची उभी हायस?"

"आत्ताच आले."

तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. मग ती उंबऱ्याच्या आतल्या अंगाला खाली बसली. मी बाहेरच्या अंगाला बसले. मध्ये तो उंबरा, हळदीचं जुनं बोट असलेला. त्याच्यावरून तिनं हात पुढं केला आणि माझ्या मनगटावर ठेवला.